धरण गाड्यांच्या मागे आहे

मुळशीला जाऊन आलो म्हटल्यावर वाशिमला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘धरण कसं आहे हो?’ मी म्हणतो, छान आहे. यापुढे काय सांगावं ते मला सुचत नाही, कारण तीन दिवसांत धरणाकडे माझं लक्ष एकूण अर्धा तास गेलं असेल. बाकीचा वेळ मी फूड ट्रकांच्या रांगेत हरवलो होतो. तेव्हा ज्यांना धरणाची उंची आणि पाणीसाठा हवा आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी आमचं काय झालं तेवढं लिहितो, आणि त्यातलं मला अजूनही सगळं उमगलेलं नाही हे आधीच कबूल करून टाकतो.

आधी आमच्याबद्दल. मी मोजणी खात्यातला माणूस. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरून भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभा राहून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झालो. बायको कुमुद. तिला पावसाळ्याच्या तोंडाशी कावीळ झाली. कावीळ गेली, पण जाताना तिची भूक घेऊन गेली. रिपोर्ट सगळे चांगले आले. डॉक्टर म्हणाले, ‘आता फक्त खायला लागा, दुसरं औषध नाही.’ नेमकं तेच जमत नव्हतं. चार महिने झाले, दोन घासांवर ताट सरकवायची. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. मी स्वतः शिरा करायला शिकलो, वरणभात कालवून समोर बसलो, समजावलं, रागावलो, एकदा तिच्यासमोर रडलोसुद्धा. शेवटी मुलाने, प्रसादने, हवापालट म्हणून आम्हाला नेऱ्याला बोलावून घेतलं. तो हिंजवडीत नोकरीला आहे.

शुक्रवार

पहिला गोंधळ निघायच्या आधीच झाला. ‘मुळशी इथून किती लांब?’ असं मी विचारलं तर प्रसाद म्हणाला, ‘बाबा, आपण मुळशीतच आहोत. नेरे मुळशी तालुक्यातच येतं.’ मी गॅलरीतून खाली पाहिलं. उंच इमारती, त्यांच्यामध्ये उरलेला एक शेताचा तुकडा आणि त्याच्या बांधावर ‘रूम भाड्याने मिळेल’ अशी पाटी. म्हणजे मुळशीतून निघायचं, गाडी भाड्याने करायची आणि मुळशीला पोचायचं. प्रसादला रजा नव्हती. ‘लवासाला जाता का? तिथे एकदम शांत असतं,’ म्हणाला. कुमुद म्हणाली, ‘शांतता आपल्या घरी भरपूर आहे. मला पाणी बघायचंय.’

चांदे, नांदे करत पौडला लागलो आणि तिथून पुढे डोंगर जवळ यायला लागले. भात कापणीला आलं होतं. आमच्याकडे या दिवसांत रानात कापूस फुटलेला असतो, इथे सगळीकडे पिवळं सोनेरी, आणि तो वास! कुमुदने काच खाली केली आणि पुष्कळ वेळ तशीच बसून राहिली. उतरायला प्रसादने एका शेतकऱ्याच्या घरातली खोली ठरवून दिली होती. तिथे पिशव्या टाकल्या आणि आम्ही धरण बघायला निघालो.

चालकाने एका वळणावर गाडी थांबवली. ‘उतरा, आलं धरण.’

उतरलो. समोर पांढऱ्या छोट्या टेम्पोंची रांग. पुढे मोजले तेव्हा एकोणीस भरले. सगळे एका मापाचे, सगळ्यांची एका बाजूची झडप वर उचललेली, आतून वाफ आणि तेलाचा वास. प्रत्येकाशेजारी कठड्याला फलक बांधलेला: कोरियन मॅगी, चीज मोमो, तंदुरी चहा, पेरीपेरी मका. फलकांवरच्या चित्रात निळं तळं होतं आणि मागे बर्फाचे डोंगर. खरं पाणी कुठे दिसेना. गाड्यांच्या समोर मोटारी, मोटारींच्या पुढे मोबाइल उंच धरलेली पोरंपोरी. एका गाडीवाल्याला विचारलं, ‘धरण कुठे आहे?’

‘मागं हाय की.’

‘कशाच्या मागे?’

‘गाड्यांच्या.’ मग तोच कळवळून म्हणाला, ‘ह्या गाड्यांनी नुसता वात आणलाय बगा. मानसानं उभं ऱ्हायाचं कुटं?’ एवढं बोलून तो आपल्या गाडीत चढला आणि कणसं भाजायला लागला. त्याने कुणाची तक्रार केली ते मला आजही नीट कळलेलं नाही.

कुमुदला उभं राहवत नव्हतं. पाचव्या गाडीवर एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांनी लगेच प्लास्टिकचं स्टूल पुढे केलं. नुसतं कसं बसायचं म्हणून मी एक मॅगी सांगितली. ती कुमुद खाणार नाही हे मला माहीत होतं. ‘तू बस, पाणी कुठून दिसतं का ते मी बघून येतो,’ म्हणालो आणि रांगेच्या कडेने निघालो. चालताना पावलं मोजत होतो. ती माझी जन्माची खोड आहे, मला सांगूनही थांबवता येत नाही.

रांग वळणाच्या पलीकडेही गेली होती. तिथे जांभळाखाली शेवटची गाडी. पुढे ना फलक, ना गिऱ्हाईक. आत पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा नाचणीच्या भाकऱ्या थापत होता. शेजारच्या टोपल्यात वीतभर चळत झालेली.

‘हे कशाचं दुकान?’ मी विचारलं.

‘दुकान न्हाई.’

‘मग?’

‘आज माझी पाळी हाय.’

‘कसली पाळी?’

‘शेवटाची.’

कुणी असं अर्धंमुर्धं उत्तर दिलं की माझा पारा चढतो. लांबून लोक धरण बघायला येतात, त्यांनी ते कुठून बघायचं, असं मी त्याला विचारलं. रस्त्यापासून किती अंतर सोडलंय, ही जागा कुणाच्या नावावर आहे, परवानगी कुणाची घेतली, तेही विचारलं. तो भाकरी थापत राहिला. मग मी खिशातून वही काढली, पावलं लिहिली आणि त्याच्या गाडीचा नंबरही लिहून घेतला. कशासाठी? मला सांगता येणार नाही. भांडण झालं की लिहून घ्यायचं, एवढंच मी आयुष्यभर केलेलं आहे. म्हाताऱ्याचा हात पिठातच थांबला. ‘बरं सायेब,’ एवढंच म्हणाला.

परत आलो तर कुमुदच्या हातात स्टीलची ताटली, आणि ती रिकामी. मॅगी बाजूला तशीच गार झालेली.

‘ह्या नुसत्या बगत बसल्या मॅगीकडं,’ त्या बाई म्हणाल्या, ‘म्हनलं, आमच्यातली भाकर खाता का? घेवड्याची भाजी हुती, ठेचा हुता.’

‘किती खाल्लं?’ मी विचारलं.

‘दीड भाकरी,’ कुमुद म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं.

दीड! चार महिन्यांत पहिल्यांदा तिचं तोंड मला तिच्या तोंडासारखं वाटलं. त्या बाईचे पाय धरायचे तेवढे मी बाकी ठेवले. उद्या पुन्हा इथेच येतो म्हणून त्यांना चार वेळा सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘या की. हितंच असतो आमी.’

शनिवार

बाईंचं नाव हौसाबाई, दोन्ही मुली सासरी, भाताची जमीन थोडी, गाडी कर्जाऊ घेतलेली. एवढं सगळं कुमुदने अर्ध्या तासात मिळवलं होतं आणि रात्री मला सांगितलं होतं. सकाळी दहालाच आम्ही वळणावर हजर. पाचवी गाडी, शेजारी कालचाच फलक, फाटका कोपराही तोच. पण गाडीत दाढी कोरलेला एक तरुण.

‘हौसाबाई कुठे आहेत?’

‘कोण हौसाबाई?’

‘काल इथे होत्या.’

‘काका, मी रोज इथेच असतो. मोमो देऊ का? व्हेज, पनीर, शेजवान?’ पुढे कळलं की याचं नाव विशाल, डिप्लोमा झालेला, आणि हौसाबाई त्याची सख्खी चुलती. पण तेव्हा त्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

मी सहाव्या गाडीत डोकावलो. एक बाई डोक्यावरून पदर ओढून पाठमोऱ्या उभ्या, भांडी घासत होत्या. हाक मारली तर ओ नाही. पुढच्या गाडीत विचारलं. ‘हितं हौसाबाई कुनी न्हाई.’ त्याच्या पुढच्या गाडीत एका पोक्त माणसाने मला बसायला दिलं, चहा पुढे केला, पैसे घेईना. ‘घ्या ओ सायेब. आमचं समदं नियमात हाय. ती पलीकडची पोरं जरा आगाऊ हायेत.’ पलीकडच्या पोरांनी मला कांदाभजी दिली आणि अलीकडच्या म्हाताऱ्यांना शिस्त नाही म्हणून सांगितलं. आमच्या वाशिमला तीस वर्षं त्याच हॉटेलात चहा पितो, तरी गल्ल्यावरचा माणूस कधी पैसे नको म्हणाला नाही. इथे तासाभरात माझे पाच चहा झाले. हे लोक खरंच इतके प्रेमळ आहेत, का कालच्या हौसाबाई मला स्वप्नात दिसल्या, काही कळेनासं झालं.

त्यात आणखी एक. आज शनिवार, तुडुंब गर्दी, एकावर एक गाड्या, आणि रांगेतली पहिली जागा मात्र मोकळी! नेमकं तिथेच कठड्यापलीकडे पाणी दिसत होतं. डोंगराची सावली पडलेलं, गार, लांबच लांब. लोक तिथे फोटो काढायला झुंबड करत होते. माझ्या कालच्या खडसावण्याचा परिणाम झाला म्हणायचा, असं मनात आलं आणि मी जरा ताठ चालायला लागलो.

दुसरी फेरी मारून आलो तर कुमुद सहाव्या गाडीपाशी स्टुलावर बसलेली, आणि पाठमोऱ्या बाईंचा हात तिच्या हातात. पदर बाजूला झाला होता. हौसाबाईच!

‘तुम्ही काल नंबर लिहून घेतलात ना,’ कुमुद म्हणाली, ‘म्हणून घाबरल्यात सगळे. मोजणीचा साहेब बायकोला घेऊन फिरायच्या निमित्ताने पाहणीला आलाय, गाड्या उचलणार, असं झालंय इथे.’

मी कपाळाला हात लावला. निवृत्त झालो आहे, माझ्या सांगण्यावरून आता घरातली खुर्चीसुद्धा कुणी उचलत नाही, असं मी परोपरीने सांगितलं. तेव्हा हौसाबाई बोलत्या झाल्या. पाळीची भानगड त्यांनी मला तीनदा समजावली. रोज सकाळी प्रत्येक गाडी एक जागा पुढे सरकते. फलक काढायला-लावायला गेलं की फाटतात, म्हणून ते कठड्यालाच राहतात, नाही तरी सगळ्यांचा माल एकच. पाचवी असेल ती सहावी होते, आणि शेवटची असेल ती पहिल्या जागी येते, जिथून पाणी दिसतं आणि धंदा होतो.

‘आणि शेवटच्या जागी?’ मी विचारलं.

‘तितं वळनामागं कुत्रं बी येत न्हाई. मंग त्या गाडीनं त्या दिवशी समद्यांच्या भाकरी करायच्या. आमचं बी प्वाट हाय का न्हाई? ते काय मॅगीनं भरतंय व्हय?’

आमच्या आठवडी बाजारात मिरचीवाली एका लिंबाखाली बसते, तिची सासूही तिथेच बसायची, आणि कुणी वीतभर सरकलं तर पोलीस बोलवायची पाळी येते. तशी भांडणं मी मोजली आहेत. इथे एकोणीस घरं रोज उठून आपली जागा सोडतात आणि ते कुठे लिहिलेलंही नाही. हे टिकतं कसं? हौसाबाईंना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही.

मग डोक्यात उजेड पडला. म्हणजे कालची भाकरी हौसाबाईंची नव्हतीच. ती शेवटच्या गाडीतली, त्या टोपीवाल्याची!

‘गेनूतात्यांची,’ त्या म्हणाल्या. ‘आज त्यांची पयली जागा हुती. शनवारी पयली जागा मिळायला नशीब लागतंय. पर आलेच न्हाईत. म्हनले, सायेबानं माझाच नंबर लिवलाय, गाडी नेली तर काय करू?’

‘मग जागा रिकामी का ठेवलीत? दुसऱ्याने लावायची होती.’

हौसाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोलून गेलो होतो. ‘त्यांची पाळी हाय. आमी कशी लावनार?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मोकळं पाणी बघून मी छाती फुगवली होती, तो त्या म्हाताऱ्याचा बुडालेला दिवस होता.

दुपारी त्या दिवशीच्या शेवटच्या गाडीतून भाकऱ्या आल्या. हौसाबाईंनी कुमुदला वाढलं. मी समोर बसलो, डोळ्यांत प्राण आणून. एक घास. दुसरा घास. ‘खा ना,’ मी म्हणालो, ‘कालच्यासारखी खा.’ तिने ताटली खाली ठेवली. मी ओळखलं, हा हात तो नाही. गेनूतात्यांचं घर कुठे ते मी तिथल्या तिथे विचारून घेतलं. कुमुद म्हणाली, ‘राहू द्या हो आता. किती त्रास द्यायचा लोकांना?’ पण मी ऐकणाऱ्यातला नाही. त्यांची माफीही मागायची होती, आणि खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त मला ती भाकरी हवी होती.

रविवार

गेनूतात्यांचं घर रस्त्यापासून वर, चढावर. अंगणात भाताच्या पेंढ्याची एक गंज होती आणि तिला दोन्ही बाजूंना आरसे होते. जवळ गेलो तर पेंढ्याखाली गाडी! सरकारी डोळ्यांना दिसू नये म्हणून रात्रीतून झाकलेली. पुढचा नंबर तेवढा चिखलाने लिंपला होता. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

तात्या ओट्यावर बसले होते. मला पाहिल्यावर उठून उभे राहिले, टोपी सारखी केली. ‘गाडी विकली सायेब,’ म्हणाले. मागे गंजीतला आरसा उन्हात चमकत होता.

मी सगळं सांगितलं. मी कुणी साहेब नाही, मापं घेणं ही नुसती सवय आहे, माझं चुकलं.

‘सवय?’ तात्या म्हणाले. ‘तुमच्या सवयीपायी आमचा शनवार गेला की.’

मी वहीतलं ते पान फाडलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, घडी घातली आणि आत नेऊन चुलीत टाकलं. मग कुमुदकडे वळून विचारलं, ‘ताई, उन्हाचं आलाय, पानी घ्या. जेवनार का?’

मी घाईने कुमुदच्या आजाराचं सांगितलं. शुक्रवारची दीड भाकरी सांगितली. तात्या ऐकत होते. घरातली सगळी कापणीला गेली होती. त्यांनी पीठ घेतलं, जाळ सारला, तवा ठेवला. ‘आमच्या घरात बायकूपरीस माज्या भाकरी पातळ,’ एवढं एकच मोठेपण त्यांनी सांगितलं. भाकरी फुगली, निखाऱ्यावर आली, ताटात पडली. सोबत खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि कांदा. काळपट, खरपूस, वाफाळती. हीच ती. मला खात्री होती.

कुमुदने तुकडा मोडला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला, आणि हात ताटात तसाच राहिला.

‘काय झालं?’ मी म्हणालो. ‘तीच आहे गं ही. तोच हात. खा ना. थोडी तरी. निदान चतकोर तरी.’

ती मान खाली घालून बसली. माणूस शोधला, घर शोधलं, चूल शोधली, आता मी आणखी काय शोधू? तात्या तव्यापाशी बसून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

‘सायेब,’ ते म्हणाले, ‘सुक्रवारी ताई जेवत व्हत्या तवा तुमी कुटं हुता?’

‘तुमच्यापाशीच होतो की. वळणावर. तुमच्याशी भांडत होतो.’

‘मंग आज बी भाईर जावा.’

‘म्हणजे?’

‘जावा भाईर. ओट्यावं बसा, तोंड तिकडं करून.’

मी कुमुदकडे पाहिलं. ती ‘नको, बसू द्या त्यांना’ असं म्हणेल असं वाटलं होतं. तिने दाराकडे पाहिलं. चार महिने मी तिच्या समोर बसून तिच्या घासाकडे, हाताकडे, गळ्याकडे बघत होतो, आणि तिने एकदाही मला उठा म्हटलं नव्हतं.

बाहेर जाऊन बसलो. समोर डोंगरउतार, खाली धरणाचं पाणी, मध्ये एकही गाडी नाही. इथून इतकं छान दिसतं तर सगळे त्या वळणावर का मरतात, असा एक प्रश्न डोक्यात येऊन गेला, पण त्यात मन नव्हतं. कान मागे होते. आत दोघं बोलत होती. तात्या तिला काहीतरी कापणीचं सांगत होते, ती विचारत होती, वाशिमकडची ज्वारी, इकडची नाचणी, असं काहीबाही. मग भाकरी थापल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मला आत जाऊन बघायची इतकी इच्छा झाली की मी ओट्याची कड धरून ठेवली. मी तिला जगवतो आहे असं समजत होतो आणि तिला माझ्यासमोर घास गिळता येत नव्हता. एवढं साधं मला कळलं नाही, आणि खरं सांगतो, त्या ओट्यावर बसून कळल्यावरही मला आनंद व्हावा की वाईट वाटावं ते ठरवता येईना.

बऱ्याच वेळाने कुमुद बाहेर आली. हात धुतलेले, ओठाला चटणी लागलेली. ‘किती खाल्लंस?’ हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

ती माझ्या शेजारी ओट्यावर टेकली आणि पाण्याकडे तोंड करून म्हणाली, ‘तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. तुमच्यासाठी टाकलीय त्यांनी. जा आत, जेवा पोटभर. मी बघत नाही.’